अंतराळाच्या जुन्या फुकट भेटी आणि बक्षिसं: साल कसं ओळखायचं, जपायचं कसं?

शेपूटतारा

पाकिटातून निघालेल्या, कुपनं पाठवून मागवलेल्या आणि स्पर्धेत मिळालेल्या अंतराळाच्या वस्तूंचा एक डबा नीट लावायचा आहे. कशावरही साल नाही. आत आहे ते असं:

रेडियमचे तारे आणि ग्रह. काही चमकतात, काही राखाडी पडलेत. तिरकं केलं की रॉकेट उडतं असं एक हलतं चित्र, त्याचा मागचा कागद एका कोपऱ्यात सुटलाय. रॉकेटच्या आकाराचं खोडरबर, प्लास्टिकच्या पट्टीत रुतून बसलेलं. चंदेरी मुलाम्याचा अंतराळवीराचा बिल्ला. लाल कागदातून वाचायची गुप्त संदेशांची कार्डं, पण लाल कागदच नाही. आणि ग्रहांच्या स्टिकरांची वही. नवापैकी आठ चिकटवलेत, नेपच्यूनची चौकट रिकामी.

साल कसं काढायचं? कशाला हात लावायचा, कशाला नाही? आणि हा नेपच्यून मुद्दाम कमी छापायचे का?

पॉलिमरपंत

आधी खोडरबर डब्याबाहेर काढा, बाकीचं उद्या केलंत तरी चालेल. असली खोडरबरं आणि वाकणारे अंतराळवीर बहुतेक वेळा रबराचे नसतातच, ते मऊ केलेलं पीव्हीसी प्लास्टिक असतं. त्यात मऊपणासाठी मिसळलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि शेजारी पॉलिस्टायरीन, म्हणजे पट्टीचं ते कडक, ठिसूळ प्लास्टिक, असेल तर त्यात मुरून त्याला विरघळवतं. कंपासपेटीच्या कप्प्यात खोडरबराचा खड्डा पडतो तो यामुळेच. लोक उन्हाला दोष देतात. उष्णतेने वेग वाढतो हे खरं, पण सावलीतही हे थांबत नाही.

रुतलेलं रॉकेट उपटू नका. तिथली पट्टी च्युइंगगमसारखी झालेली असते, ओढलं की तारा निघतात. दोन्ही मिळून पिशवीत घाला, हवा काढून तोंड बंद करा आणि तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच, न वाकवता, फटीतून दात साफ करायचा दोरा करवतीसारखा सरकवत न्या. थंड पीव्हीसी ठिसूळ असतं, वाकवलं तर रॉकेटचं पातळ शेपूट हातात येईल. पट्टीवरचा खड्डा तसाच राहू द्या, पॉलिश पेपर मारू नका.

नंतर रॉकेट कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून हलक्या हाताने धुवा आणि एक दिवस वाळू द्या. चिकटपणा घालवायला पावडर लावू नका, ती कायमची बसते. ठेवायचं ते झाकणाच्या काचेच्या बरणीत, एकटं. पॉलिथिनची पिशवी कायमसाठी चालत नाही, कारण ती ते तेलकट द्रव्य शोषून घेते आणि रॉकेट आणखी लवकर आक्रसतं. फ्रीझरमधल्या तासाभरापुरती ठीक आहे.

बिल्ल्यावर चांदी नसते. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून बसवलेला तो थर असतो, जाडी केसाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी. कपड्यांची पावडर, खायचा सोडा, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका. अल्कलीत ॲल्युमिनियम विरघळतं आणि टूथपेस्ट घासून काढते. चकाकी आणायला गेलेले लोक खालचं करडं प्लास्टिक घेऊन परततात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, फार तर पाण्यात ओला करून पिळलेला कापूस टेकवा, घासू नका.

अंधारकोठडी

'रेडियम' हे फक्त बोलीतलं नाव, या ताऱ्यांत रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य नसतं. जुने तारे तांबं मिसळलेल्या झिंक सल्फाइडचे, १९९० च्या दशकानंतरचे चांगले तारे स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचे. दोन्ही प्रकार शेजारी ठेवून एकाच दिव्याखाली एक मिनिट धरा आणि अंधार करा. झिंक सल्फाइड सुरुवातीला छान दिसतं आणि अर्ध्या तासात बऱ्यापैकी मावळतं. दुसरा प्रकार काही तासांनीही, डोळे अंधाराला सरावले असतील तर, फिकट का होईना पण दिसतो. म्हणजे एकाच डब्यातले तारे वेगवेगळ्या काळातले आहेत का, हेही यातून कळतं.

चमक तपासताना जुना पिवळा बल्ब वापरू नका, त्यात निळा आणि अतिनील भाग फारच कमी असतो. पांढरा एलईडी किंवा ३९५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या. पिवळ्या बल्बाखाली धरून 'मेला' म्हणून फेकलेले कितीतरी तारे जिवंत असतात.

राखाडी पडलेल्यांवर उपाय नाही. ओलावा आणि अतिनील प्रकाश एकत्र आले की झिंक सल्फाइडमधून सुटं जस्त बाहेर पडतं, तोच तो राखाडी रंग. वरून नवा चमकता रंग लावला तर वस्तू जुनीही राहत नाही आणि नवीही होत नाही. उरलेले कोरडे ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट पाण्याने खराब होतं, तेव्हा तेही भिजवू नका.

जी वस्तू उजेड न दाखवता चमकते तिच्याबाबत मात्र सावध राहा. चोवीस तास बंद डब्यात ठेवा, मग अंधारात दहा मिनिटं डोळे सरावू द्या आणि बघा. तरीही चमकली तर तिला खरवडू नका, उघडू नका, पिशवीत बंद करून किरणोत्सर्गाच्या जाणकारांना दाखवा. उलट बाजूने ही चाचणी निर्णायक नाही. रेडियमच्या जुन्या रंगातलं झिंक सल्फाइड झिजून चमक जाते, रेडियम मात्र तिथेच असतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १६०० वर्षं. हे घड्याळांच्या तबकड्यांवर सापडतं, पाकिटातल्या ताऱ्यांवर नाही.

जाता जाता: १९४७ मध्ये अमेरिकेत किक्स या न्याहारीच्या खोक्याचं झाकण आणि १५ सेंट पाठवले की 'ॲटॉमिक बॉम्ब' अंगठी यायची. तिच्यात खरोखरचं किरणोत्सर्गी पोलोनियम-२१० होतं. लाल शेपटी काढून अंधारात भिंगातून पाहिलं की झिंक सल्फाइडच्या पडद्यावर ठिणग्या दिसायच्या. पोलोनियमचं अर्धायुष्य १३८ दिवस, म्हणजे दहा वर्षांत मूळच्या नऊ कोटी भागांतला जेमतेम एक उरतो. 'अजून ठिणग्या दिसतात' म्हणून कोणी ही अंगठी विकत असेल तर ती घेऊ नका.

जुनानकाशा

सालासाठी स्टिकरवरचा मजकूर वाचा, चित्र नंतर. उपग्रहांचे आकडे जवळजवळ तारखेच्या शिक्क्याचं काम करतात.

गुरूला १२ उपग्रह लिहिले असतील तर माहिती १९७४ पूर्वीची. १६ असतील तर व्हॉयेजर यानांच्या भेटीनंतरची, म्हणजे १९८० चं किंवा ९० चं दशक. युरेनसला ५ असतील तर १९८६ पूर्वीची, १५ असतील तर त्यानंतरची. नेपच्यूनला २ म्हणजे १९८९ च्या आधी, ८ म्हणजे नंतर. युरेनसभोवती कडी दाखवली असतील तर १९७७ नंतरचं, गुरूला कडं असेल तर १९७९ नंतरचं. प्लूटोला शॅरन हा उपग्रह दिला असेल तर १९७८ नंतरचं. नऊ ग्रह म्हणजे २००६ पूर्वीचं असं सगळे सांगतात, पण हा सगळ्यात निरुपयोगी पुरावा. सगळ्या जुन्या वस्तूंवर नऊच असतात, आणि २००६ नंतरही कितीतरी छापखान्यांना ती बातमी कळली नव्हती.

चित्रात स्पेस शटल असेल तर इंधनाच्या मोठ्या टाकीचा रंग बघा. पहिल्या दोन उड्डाणांत, १९८१ मध्ये, ती पांढरी रंगवली होती. मार्च १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून वजन वाचवायला रंग देणं बंद केलं आणि टाकीवरचा नारिंगी फोमचा थर उघडा राहिला. मंगळाचं आकाश निळं असेल तर तोही एक धागा: व्हायकिंग यानाचा १९७६ चा पहिला रंगीत फोटो आधी निळसर आकाशाचा प्रसिद्ध झाला, मग दुरुस्त करून गुलाबीसर केला. पाकिटावर बारकोड असेल तर १९७४ च्या आधीचं असूच शकत नाही.

एक पथ्य पाळा. यातून फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढंच पक्कं कळतं. चित्रकार जुन्या पुस्तकातून उतरवतात, त्यामुळे दुसरी बाजू नेहमी सैल असते. दोन-तीन पुरावे एकाच वर्षांकडे बोट दाखवत असतील तरच साल लिहा, आणि तेही पेन्सिलीने.

शेपूटतारा

वहीत गुरूला १६, युरेनसला ५. मुखपृष्ठावर शटल आहे, टाकी पांढरी.

जुनानकाशा

मग मजकूर १९८० ते ८६ मधला. टाकीमुळे त्याचा सुरुवातीचा भाग जास्त शक्य वाटतो, पण शटलची कल्पनाचित्रं उड्डाणाच्या कितीतरी आधीपासून छापली जात होती, म्हणून टाकीवर फार भार टाकू नका. '१९८० चं दशक, पूर्वार्ध' एवढं लिहा.

टक्केवारी

नेपच्यूनबद्दल. कोणी काही लबाडी केली नसेल तरीही हे असंच होतं.

नऊ ग्रह, दर पाकिटात एक, सगळ्यांची शक्यता सारखी असं धरा. पहिल्या नऊ पाकिटांत नऊही वेगळे निघण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. संच पुरा व्हायला सरासरी २५-२६ पाकिटं लागतात. यातली पहिल्या सात ग्रहांना मिळून १२, उरलेल्या दोघांना साडेतेरा, आणि त्यातही एकट्या शेवटच्याला ९. म्हणून प्रत्येकाच्या वहीत एक चौकट रिकामी राहते आणि प्रत्येकाला वाटतं की आपलाच ग्रह दुर्मीळ. ब्रिटनमध्ये ब्रुक बाँडने १९७१ मध्ये चहाच्या पाकिटांतून अंतराळ शर्यतीची ५० कार्डं दिली. याच हिशोबाने, अदलाबदल न करता तो संच पुरा करायला सरासरी २२५ कार्डं लागतील.

मुद्दाम कमी छापणं होतं, पण ते कुठे? जिथे पुरा संच परत पाठवल्यावर मोठं बक्षीस द्यायचं असतं तिथे. एक तुकडा मोजून छापला की किती बक्षिसं द्यावी लागतील ते आधीच ठरतं. तुमच्या वहीच्या मागे 'पूर्ण वही पाठवा आणि मिळवा' असं काही आहे का ते बघा. नसेल तर नेपच्यून दाबून ठेवण्यात कंपनीचा फारसा फायदा नव्हता.

पडताळायचं असेल तर वेगवेगळ्या लोकांकडच्या पाकिटांतून निघालेल्या, चिकटवलेल्यांसकट, १०० स्टिकरांची मोजणी करा. प्रत्येक ग्रह ११ च्या आसपास यायला हवा. ५ ते १७ मधला फरक निव्वळ नशिबाचा. नेपच्यून शून्य किंवा एक आला तर मात्र संशयाला जागा आहे. फक्त विकायला काढलेले जादा स्टिकर मोजू नका. दुर्मीळ ग्रह तिथे येतच नाही, तो वह्यांत चिकटलेला असतो.

मोठ्या बक्षिसांचाही हिशोब असाच असतो. मीर अंतराळस्थानक २००१ मध्ये पाडलं तेव्हा टॅको बेल या अमेरिकी खाद्यसाखळीने दक्षिण प्रशांत महासागरात ४० बाय ४० फुटांचं लक्ष्य तरंगत ठेवलं होतं: त्यावर मुख्य भाग पडला तर अख्ख्या अमेरिकेला एकेक टॅको (त्यांचा सारण भरलेला मेक्सिकन पदार्थ) फुकट. वर विमाही उतरवला होता. अर्थात काही पडलं नाही.

तिरकीनजर

हलत्या चित्राचा सुटलेला कोपरा चिकटवू नका. वरच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर एकाच दिशेने शेजारी शेजारी जाणारी लांबट, अर्धगोल भिंगं असतात आणि खाली दोन चित्रं पट्ट्यापट्ट्यांनी कापून एकाआड एक छापलेली. मोबाइलने अगदी जवळून फोटो काढून एका सेंटिमीटरातल्या रेषा मोजा. ३० च्या आसपास आल्या तर ती इंचाला ७५ ची जाळी. म्हणजे एक भिंग ०.३४ मिलिमीटर रुंद आणि एका चित्राची पट्टी ०.१७. चिकटवताना कागद तेवढा सरकला की त्या कोपऱ्यात रॉकेट जमिनीवर असायला हवं तेव्हा उडालेलं दिसेल. पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक तुकड्यांत धरून सपाट ठेवा, बस्स.

पुसायचं ते रेषांच्या दिशेने, आडवं कधीच नाही, नाहीतर मळ खाचांत दाबला जातो. ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा. स्कॅन करू नका, नक्षीदार पट्टे उमटतात. खिडकीच्या उजेडात कार्ड तिरकं करत दोन फोटो काढा, एकेका चित्राचा एकेक.

गुप्त संदेशाच्या कार्डांना लाल कागद लागतच नाही. कार्ड ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा आणि फोटोच्या प्रोग्रॅममध्ये फक्त लाल चॅनेल बघा. लाल गिचमीड पांढऱ्या कागदात मिसळून जाते आणि निळी अक्षरं काळी उठून दिसतात, लाल कागद हेच करायचा. प्रत्यक्ष खेळायचं असेल तर गडद लाल पारदर्शक कागद घ्या, गिचमीड तरी दिसली तर दोन थर करा. कार्डं उन्हात ठेवू नका. आधी लाल-पिवळं उडतं, निळं टिकतं, आणि मग संदेश नुसत्या डोळ्यांनीही वाचता येतो.

शेपूटतारा

वहीच्या मागे बक्षिसाचा काही मजकूर नाही. मग नेपच्यूनच्या जागी प्रत छापून लावली तर चालेल का? आणि पिना गंजल्यात.

पॉलिमरपंत

चालेल, पण चिकटवू नका. कुणाच्या तरी मूळ स्टिकरच्या स्कॅनवरून साध्या कागदावर छापा, मागे पेन्सिलीने 'प्रत' लिहा आणि फोटोच्या अल्बमात वापरतात तसे चार कागदी कोपरे लावून चौकटीत बसवा. खरा मिळाला की प्रत काढता येते. सेलोटेप कुठेच नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो.

पिना ओढू नका. वहीच्या मधल्या पानावर पिनेच्या पायांखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, म्हणजे कागद खरचटणार नाही, आणि बोथट सुरीने एकेक पाय उभा करा. मग वही उलटून पाठीकडून पिन बाहेर काढा. गंजाची पूड ब्रशने झटका, पाणी लावू नका. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून मधल्या पानावर गाठ मारा. नवी भोकं पाडायची नाहीत.