मेंढीकोटात लॉजिक चालत नाही म्हणे!

बंद_हुकूम: काल इथे एकाने लिहिलं, "समोरच्याच्या मनातलं ओळखायला अनुभव लागतो, लॉजिक ही प्राध्यापकांची चैन." डोकंच फिरलं. पत्त्यांच्या मेंढीकोटात बंद हुकूम, म्हणजे हुकमाचं पान झाकून, खेळलाय का कधी? हुकूम बदाम आहे, मला माहीत, पान मीच उलटं ठेवलंय. मी बदाम टाळतोय यावरून भिडूने ताडलं. पण त्याने ताडलंय हे मला कुठे माहीत? मग तो बदामाचा राजा राखणार की उडवणार ते कळत नाही आणि मी मेंढी, म्हणजे दश्शी, टाकायला कचरतो. मग कोणाकडे तरी उतारीचा रंग नसतो, तो हुकूम उघडायला लावतो, पान सुलटं होतं, आणि आता सगळ्यांना कळलंय हे सगळ्यांनाच कळतं. इथे खेळ बदलतो. हिंटिका या तत्त्वज्ञाने १९६२ मध्ये 'माहीत असणं' याचंच लॉजिक मांडलं, ऑमन या गणितज्ञाने १९७६ मध्ये 'सगळ्यांना माहीत की सगळ्यांना माहीत' याची गणिती व्याख्या दिली. चैन कसली यात?

पेठेतला: आमचे आजोबा नारायण पेठेत ओट्यावर खेळायचे, भिडूने पान जोरात आपटलं की समजायचे. हिंटिका लागला नाही. आणि तुमच्या लॉजिकमध्ये माणसाला जे माहीत त्यातून निघणारं सगळंच माहीत असतं. मला बुद्धिबळाचे नियम येतात, म्हणजे पांढरा हमखास जिंकतो का तेही येतं?

बंद_हुकूम: हे दुखणं खरं आहे, मान्य. पण पान आपटून सांगणं म्हणजे खाणाखुणा, तो खेळ नव्हे.

पेठेतला: आजोबांना लबाड म्हणायचं काम नाही!

ब्रिजवाली: ब्रिजमध्ये हे चालतच नाही. बोलीचा अर्थ समोरच्यांनी विचारला तर सांगावाच लागतो, आणि भिडूच्या आपटण्यावरून किंवा थांबण्यावरून डाव ठरवायचा नाही असा नियमच आहे.

टँकर_कधी_येणार: पत्ते राहू द्या. आमच्या धायरीच्या सोसायटीत पाण्यासाठी मीटिंग. ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे, आला कोणीच नाही. प्रत्येकाचं एकच, बाकीचे येतील याची खात्री नव्हती. रुबिनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये हेच दाखवलं, निरोपाची पोच, पोचेची पोच, कितीही पाठवा, शेवटचा निरोप पोचला का ही शंका उरतेच आणि कोणी पाऊल उचलत नाही.

पेठेतला: याला आळस म्हणतात.

टँकर_कधी_येणार: आळस?? चौथ्या मजल्यावर हंडे चढवणाऱ्या बायकांना आळशी म्हणताय? पुढच्या वेळी टँकर आला, सगळे बादल्या घेऊन पार्किंगमध्ये उभे, तेव्हा मी पाण्याच्या मोटरवर चढून ओरडले, रविवारी दहा वाजता, इथेच. सगळ्यांनी ऐकलं, आणि शेजारचा ऐकतोय हेही बघितलं. सतरा घरांतून माणसं आली. तीच माणसं, तोच विषय.

पेठेतला: बरं, सगळ्यांसमोर सांगणं वेगळं, एवढं मानतो. आजोबांचं मात्र मागे घ्या.

बंद_हुकूम: लबाड मी म्हणालोच नव्हतो. पान आपटणं चूक, यावर ठाम आहे.

टँकर_कधी_येणार: मोटर अजून तशीच आहे, पाणी नाही.