'मायटोकॉन्ड्रियल डिसफंक्शन'ला मराठीत काय म्हणावं?

पानपुरवणी: आरोग्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. धमनीच्या आतल्या अस्तरात मायटोकॉन्ड्रियल डिसफंक्शन झालं की धमनी कडक कशी होत जाते, असा विषय. मी लिहिलं, 'पेशींची ऊर्जाकेंद्रं निकामी होतात'. संपादकबाईंनी केलं, 'तंतुकणिकांची अकार्यक्षमता'. आईने वाचून विचारलं, "कुणाची गं?" काहीतरी सुचवा.

अनुस्वार: तंतुकणिकाच. शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे, आणि नेमका आहे. जर्मन शास्त्रज्ञ बेंडाने १८९८ साली ग्रीक 'मितोस' म्हणजे दोरा आणि 'कोन्ड्रोस' म्हणजे कण जोडूनच मूळ नाव ठेवलं.

दवाखान्यातून: नाव काहीही ठेवा, 'ऊर्जाकेंद्रं निकामी' तेवढं काढा. या अस्तराच्या पेशी बरीचशी ऊर्जा साखर थेट फोडूनच मिळवतात. तिथलं दुखणं वेगळंच. मधुमेहात साखर चढलेली राहिली की तंतुकणिकांतून इलेक्ट्रॉन गळतात, ऑक्सिजनशी मिळून सुपरऑक्साइड नावाचं उपद्रवी रसायन होतं आणि ते अस्तरातलं नायट्रिक ऑक्साइड फस्त करतं. धमनीला सैल हो म्हणून सांगणारा निरोप्या तोच, १९९८चं नोबेल त्याच्यावरच होतं. तो घटला की धमनी आखडते, अस्तराखाली कोलेस्टेरॉल साचायला लागतं. म्हणजे कारखाना बंद नाही, चालू राहून नासधूस करतोय. 'बिघाड' म्हणा.

मालवणी_माणूस: धमनी तरी कुणाला कळते? आमच्याकडे सगळ्या शिराच. आजोबांना अँजिओग्राफीनंतर "शीर चोंदलीय" एवढंच सांगितलं, बरोब्बर समजले.

अनुस्वार: शीर हृदयाकडे रक्त नेते. चोंदली ती रोहिणी! धमनीसुद्धा नको, ती 'ध्मा' म्हणजे फुंकणे यावरून आली. मेलेल्या देहात त्या रिकाम्या दिसायच्या, म्हणून ग्रीकांनाही त्यांतून वारा वाहतो असंच वाटायचं. रोहिणी म्हणजे तांबडी. स्वच्छ शब्द.

दवाखान्यातून: 'तुमच्या रोहिणीत अडथळा आहे' म्हणालो तर पेशंट मेहुणीची चौकशी करेल. ओपीडीत नस, नळी, ब्लॉकेज एवढंच चालतं.

मालवणी_माणूस: मग रात्री पायात नस चढते ती यातली कुठली?

पानपुरवणी: अहो, माझं राहिलं! 'तंतुकणिकांमधला बिघाड' लिहू ना?

अनुस्वार: बिघाड पंपात होतो. 'कार्यदोष' लिहा.

पानपुरवणी: आई परत विचारेल.

दवाखान्यातून: @मालवणी_माणूस, ती नस नव्हेच. पोटरीचा स्नायू आखडतो.

मालवणी_माणूस: मग मध्यरात्री पाय धरून काय ओरडायचं, 'स्नायू आखडला हो'?

अनुस्वार: 'गोळा आला' म्हणा की. अस्सल मराठी आहे.