गव्हाच्या बिअरवर पांढरा पापुद्रा आलाय, बाटल्या भरू का?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): १० लिटरची बॅच. गव्हाचं माल्ट १.३ किलो, जवाचं १ किलो, सुरुवातीची घनता १.०४८ (पाण्याची १.०००; साखर संपत जाते तशी उतरते). आधी हेफेवाइझन (जर्मन गव्हाच्या बिअरचं) यीस्ट, पाचव्या दिवशी ब्रेटानोमायसिस (थोडक्यात ब्रेट, एक रानटी यीस्ट). तिसऱ्या आठवड्यात घनता १.०१२ वर अडकलीय, वर सुरकुतलेला पांढरा पापुद्रा. खराब झाली का?

उत्तर १: पापुद्रा ब्रेटचा आहे, ढवळू नका. केसाळ हिरवे-काळे ठिपके दिसले तर ती बुरशी, मग सगळं ओतून द्या.
बाटल्या मात्र अजिबात भरू नका! साधं यीस्ट जी साखर सोडून देतं ती ब्रेट हळूहळू खातं, घनता १.००४ पर्यंत सहज उतरेल. ०.००१ उतरली की साधारण अर्धा व्हॉल्यूम (एक व्हॉल्यूम = बिअरच्या आकारमानाइतका) वायू, म्हणजे बंद बाटलीत चार व्हॉल्यूम जादा. काच फुटून कुणाचा डोळा जाईल. दोन-तीन महिने थांबा. महिन्याच्या अंतराने दोन रीडिंग सारखी आली तरच भरा.

उत्तर २: एअरलॉकही (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी पाण्याची झडप) बघा. मे महिन्यात त्यातलं पाणी भराभर उडतं. हवा आत गेली की ब्रेट ॲसिटिक आम्ल बनवतं आणि व्हिनेगरचा वास येतो. म्हणून सारखं झाकण उघडून मोजूही नका.
पुढच्या वेळी पहिले चार दिवस बरणी पाण्याच्या टबात ठेवा, गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, २० अंशांच्या आसपास राहील.

प्रश्नकर्ता: बिअर काढायची हीच प्लास्टिकची नळी ब्रेट नसलेल्या साध्या बॅचला चालेल?

उत्तर १: नको. प्लास्टिकच्या ओरखड्यांत ब्रेट टिकून राहतं. काच-स्टील नीट निर्जंतुक करून चालेल.