पोलिओ आमच्या आईने घालवला की डब्ल्यूएचओने?

खारी_बिस्किट:
फॅमिली ग्रुपवर परवापासून भांडण पेटलंय. विषय अमेरिका आणि डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना. मामाचं म्हणणं, अमेरिका बाहेर पडली ते बरंच झालं, ते लोक जिनिव्हात बसून पत्रकं काढतात आणि राबतात आपली माणसं. एरवी मला मामाचं काही पटत नाही पण इथे अडकले, कारण माझी आई अंगणवाडी सेविका, 1995 ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हापासून रिटायर होईपर्यंत तिने एक पोलिओ रविवार चुकवला नाही, आम्ही भावंडं पण तो बर्फाचा डबा घेऊन तिच्या मागे मागे फिरलोय. आणि 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट दिलं कुणी, तर डब्ल्यूएचओने. म्हणजे उन्हातान्हात वणवण आईने करायची आणि सही यांची? यांनी नक्की केलं काय? कुणी आतलं माणूस असेल तर सांगा, बाकी सगळीकडे नुसतं समन्वय, मार्गदर्शन, सहकार्य असलंच वाचायला मिळतंय.

आरोग्यसहाय्यक_निवृत्त:
ताई, आधी तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. डोस आपल्याच लोकांनी पाजले आणि पुढे पुढे पैसाही बराचसा भारत सरकारचाच होता, त्यात वाद नाही. पण डोस पाजणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे पोलिओ कुठे लपलाय ते शोधणं, आणि ते आम्हाला जमत नव्हतं. आमच्याकडे दर आठवड्याला रिपोर्ट जायचा त्यात एकच शब्द, निरंक. केस नाही म्हणून निरंक का कुणी बघितलंच नाही म्हणून निरंक, ते देवाला ठाऊक.

1997 ला सरकार आणि डब्ल्यूएचओ मिळून एनपीएसपी, म्हणजे पोलिओवर पाळत ठेवायचा राष्ट्रीय प्रकल्प, सुरू झालं आणि मग आला एसएमओ, सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर. आम्ही डब्ल्यूएचओवाला डॉक्टरच म्हणायचो. त्याचं म्हणणं एकच, 15 वर्षांच्या आतलं कुठलंही पोर अचानक हातापायाने लुळं पडलं की कळवायचं, पोलिओ आहे का नाही ते तुम्ही ठरवायचं नाही. आमच्याकडे उलट, डॉक्टर म्हणणार हे इंजेक्शनमुळे झालंय, कशाला कळवता, उगाच वरून चौकशी लागेल. मग हा गडी स्वतः येऊन ओपीडीचं रजिस्टर पानन् पान चाळायचा. एक नोंद सापडली की त्या पोराच्या शौचाचे दोन नमुने, 24 तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत, बर्फात घालून मुंबईला, परळच्या एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटरला. एकदा मी स्वतः तो डबा मांडीवर घेऊन रात्रीच्या एसटीने गेलोय. शेजारच्या मावशींनी विचारलं काय हो एवढं जपताय, म्हटलं औषध आहे.

दुसरं म्हणजे बाटलीवरचा चौकोन, आईंना नक्की आठवेल. जांभळ्या गोलाच्या आत पांढरा चौकोन, लस उन्हाने तापली की चौकोन काळा पडत जातो, गोलाएवढा गडद झाला की बाटली फेकायची. ही सक्ती डब्ल्यूएचओ-युनिसेफने लस बनवणाऱ्यांवर केली म्हणून आली. त्याआधी लस चांगली का गेलेली हे आम्ही बाटलीला हात लावून ठरवायचो, हसू नका.

2009 ला देशात 741 केसेस, 2010 ला 42, 2011 ला एकच, हावड्याची लहान मुलगी, 13 जानेवारी. पुढची तीन वर्षं खरंच शून्य आहे हे जगाला सांगायला आमचं निरंक चाललं असतं का, तुम्हीच सांगा. सर्टिफिकेट त्याचं आहे.

दुधाची_पिशवी:
काकांनी पोलिओचं छान सांगितलं पण कोविडचं पण बोला की. 2020 च्या मार्चमध्ये यांनी स्वतः ट्विट केलं होतं की हा आजार हवेतून पसरत नाही, आणि आम्ही घरात खिडक्या गच्च लावून दुधाच्या पिशव्या साबणाने धूत बसलो. हवेतून पसरतो हे सरळ शब्दांत मान्य करायला यांना वर्षभर लागलं. शास्त्रज्ञ ओरडून सांगत होते तरी. तेव्हा यांच्या बजेटमध्ये देशांची ठरलेली वर्गणी पाचवा हिस्सापण नव्हती, बाकी बहुतेक देणगीदारांचे पैसे आणि ते पण कशावर खर्चायचे ते बहुतेक वेळा देणगीदारच सांगणार. मग कुणाला दुखवून कसं चालेल? मामा अगदीच चुकीचे नाहीत.

बीडचा_भाचा:
कोविडचं मान्य. पण जगाला डब्ल्यूएचओचं ऐकायचं नसलं की काय होतं ते आम्ही बीडवाल्यांनी 1994 ला बघितलंय. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष व्हायचं होतं तेवढ्यात आमच्याकडे मामला गावात उंदीर पडायला लागले, मग माणसांना ताप आणि जांघेत गाठी. जुनी माणसं लगेच म्हणाली, गाठीचा ताप आला. महिनाभरात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग निघाला आणि तिथून लोक मिळेल त्या गाडीने पळाले, प्लेगवरचं औषध टेट्रासायक्लिन कुठल्याच मेडिकलमध्ये मिळेना. गल्फच्या देशांनी विमानं बंद केली, आपला माल परत यायला लागला. डब्ल्यूएचओ सांगत होतं की येणंजाणं, व्यापार बंद करायची गरज नाही, त्यांचे महासंचालक नाकाजिमा स्वतः भारतात येऊन गेले, तरी ऐकतंय कोण. माझा चुलता दुबईला कामाला होता, सुट्टीवर आलेला, तो इथेच अडकला, आणि शेठ फोनवर विचारतोय तुला गाठ आलीय का.

यातून झालं काय, तर पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या सदस्य देशांच्या सभेने, साथींबद्दलचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलायचं ठरवलं. जुन्या नियमात फक्त कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर असे तीनच रोग होते. नवे नियम 2005 ला झाले, लागू 2007 ला. आता कुठलाही नवा धोकादायक आजार दिसला की देशाने कळवायचं, आणि सरकार गप्प बसलं तरी दुसरीकडून आलेल्या बातमीवर डब्ल्यूएचओ जाब विचारू शकतं. फक्त विचारू शकतं हां, पोलीस पाठवू शकत नाही. 2020 ला पण बंदी घालणाऱ्यांनी घातलीच.

क्यूए_पुणे:
माझे दोन पैसे. मी लस कंपनीत क्वालिटीला आहे, कुठली ते विचारू नका. डब्ल्यूएचओकडून ऑडिटला आलेला माणूस चहा पण नको म्हणतो आणि पहिलं मागतो ते गेल्या उन्हाळ्यात लाईट गेली होती त्या रात्रीचा कोल्ड रूमचा टेंपरेचर चार्ट. आता त्याला कसं कळतं कुठली रात्र मागायची ते देव जाणे. पण डब्ल्यूएचओचं प्रीक्वालिफिकेशन, म्हणजे लस दर्जेदार असल्याची मान्यता, मिळालं नाही तर युनिसेफ तुमची लस घेत नाही, म्हणजे गरीब देशांचं मार्केट बंद. आपल्या पुण्याच्या सीरमची मेंदूज्वराची लस, मेनआफ्रिव्हॅक, डब्ल्यूएचओ आणि पाथ या संस्थेबरोबर खास आफ्रिकेसाठी केलेली, डोस अर्ध्या डॉलरच्या आत, डिसेंबर 2010 ला बुर्किना फासोत सुरू झाली, पुढे 30 कोटींहून जास्त लोकांना टोचली आणि तो ए प्रकारचा मेंदूज्वर तिकडे जवळपास दिसेनासा झाला. एवढी मोठी गोष्ट हडपसरला होते आणि हडपसरच्या लोकांना माहिती नाही, ट्रॅफिक मात्र सगळ्यांना माहिती.

खारी_बिस्किट:
सगळ्यांचे आभार, काका तुमचे विशेष. रात्री जेवताना आईला वाचून दाखवलं. चौकोनाचं ऐकून लगेच म्हणाली हो हो, काळा पडला की परत करायचो. मग विचारलं, तुमच्याकडे यायचे का गं डब्ल्यूएचओवाले? तर भाकरी तशीच हातात ठेवून म्हणाली, "आले होते की एक. आदल्या दिवशी मी घराघरावर खडूने पी लिहून आले होते, सगळी पोरं झाली म्हणून. त्यातल्या एका घरात हा शिरला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि माझा पी पुसून तिथे एक्स मारला, सगळ्या आळीसमोर." का, तर आत सव्वा महिन्याचं बाळ झोपलेलं होतं आणि घरच्यांनी आदल्या दिवशी तिला सांगितलंच नव्हतं. बाळाची करंगळी कोरी, डोस दिल्याची शाईची खूण नाही. मी म्हटलं मग बरोबरच होतं की त्याचं. तर म्हणे, "बरोबर होतं गं, पण मला हाक मारायची होती, मीच पुसला असता."