पॉइंट गार्डची महाविद्यालयीन कारकीर्द कशावरून मोजावी?

निपाणीकर मामा
माझी भाची निपाणीत पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात (बारावीत) शिकते आणि शाळेपासून पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ मांडणारी खेळाडू, म्हणून बास्केटबॉल खेळते. गेल्या महिन्यात तिच्या संघाने सामना जिंकला, परंतु तिच्या नावावर अवघे ४ गुण होते. घरी आल्यावर आजोबांनी "मग तू केलंस काय?" असे विचारले, आणि त्याचे उत्तर मलाही देता आले नाही. ती अमेरिकेच्या सब्रिना आयोनेस्कूच्या महाविद्यालयीन सामन्यांच्या चित्रफिती सतत पाहत असते. पदवीसाठी तिला बेळगावला पाठवावे की कोल्हापूरला, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. या जागेवर खेळणाऱ्या मुलीची महाविद्यालयातील वर्षे चांगली गेली की वाया गेली, हे कशावरून ओळखावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी गार्ड, टिळकवाडी
मामा, आपल्या भाचीने उदाहरण उत्तम निवडले आहे. आयोनेस्कू २०१६ ते २०२० या काळात ओरेगन विद्यापीठाकडून खेळली आणि तिने २,५६२ गुण, १,०९१ असिस्ट (ज्यावर सहकारी बास्केट करते असे पास) आणि १,०४० रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू) अशी नोंद केली. २,००० गुण, १,००० असिस्ट आणि १,००० रिबाउंड हे तिन्ही टप्पे एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, पहिल्या श्रेणीत तिच्याआधी कोणालाही, अगदी पुरुषांनाही, गाठता आले नव्हते. गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत एकाच सामन्यात दोन अंकी संख्या गाठण्याला ट्रिपल-डबल म्हणतात, आणि तशी कामगिरी तिने २६ वेळा केली.

मला मात्र तिची शेवटची दोन वर्षे अधिक बोलकी वाटतात. तिसऱ्या वर्षी तिची सरासरी सामन्यामागे १९.९ गुण आणि ८.२ असिस्ट अशी होती, तर चौथ्या वर्षी गुण १७.५ वर उतरले आणि असिस्ट ९.१ वर गेले. म्हणजे स्वतःचे गुण कमी झाले, तरी वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा वूडन पुरस्कार तिला दोन्ही वर्षी मिळाला. आजोबांना एवढेच दाखवावे. २०१९ मध्ये व्यावसायिक लीगकडे जाता येत असतानाही विजेतेपदाचे काम अपुरे राहिले म्हणून ती परतली, आणि २०२० ची राष्ट्रीय स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली. ते विजेतेपद तिला कधीच मिळाले नाही, तरीही ती कारकीर्द वाया गेली असे कोणी म्हणत नाही.

आकडेवाला, खानापूर
ताईंच्या म्हणण्यात मला थोडी भर घालायची आहे, आणि थोडा मतभेदही नोंदवायचा आहे. असिस्ट ही एकट्या गार्डची मिळकत नसते, कारण पास कितीही सुरेख असला तरी समोरच्या मुलीने बास्केट केल्याखेरीज तो मोजला जात नाही. ओरेगनमध्ये बास्केटखाली रूथी हेबर्ड होती, जिने २०१८ मध्ये सलग ३३ फटके यशस्वी करून एनसीएएचा विक्रम केला. बाहेरून फटके मारणारी सटू सबालीही होती. २०२० च्या डब्ल्यूएनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या महिला व्यावसायिक लीगसाठी होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, या तिघी अनुक्रमे पहिल्या, आठव्या आणि दुसऱ्या क्रमांकावर निवडल्या गेल्या (पहिली आयोनेस्कू, आठवी हेबर्ड, दुसरी सबाली). म्हणून महाविद्यालय निवडताना मैदानाच्या फरशीपेक्षा, बास्केटखाली चेंडू झेलून संपवणारी उंच मुलगी त्या संघात आहे का आणि ती पुढची दोन वर्षे राहणार आहे का, हे आधी पाहावे.

गुण गौण मानावेत, हेही मला पूर्ण मान्य नाही. आयोवाच्या केटलिन क्लार्कने २०२० ते २०२४ या चार वर्षांत ३,९५१ गुणांचा विक्रम केला आणि त्याच चार वर्षांत १,१४४ असिस्टही दिले. गार्ड स्वतः फटका मारू शकते अशी धास्ती असल्याशिवाय बचाव करणारी मुलगी तिच्याकडे ओढली जात नाही, आणि ती ओढली गेली नाही तर पासला वाट कुठून मिळणार?

निवृत्त पीटी मास्तर
अमेरिकेतील आकडे येथे जसेच्या तसे लावू नयेत. तेथे एका हंगामात साधारण तीस सामने होतात आणि प्रत्येक असिस्ट नोंदवला जातो. आपल्याकडे टेबलावर जो स्कोअरशीट भरला जातो, त्यात गुण, फाउल आणि टाइमआउट यांच्यासाठी रकाने आहेत, असिस्टसाठी एकही नाही. त्यामुळे आपल्या भाचीने सामना फिरवणारे दहा पास दिले, तरी कागदावर ४ गुणच उरतात. आजोबांचा दोष नाही, कागदाचाच दोष आहे. घरच्या कोणीतरी वही घेऊन बसावे, असिस्ट आणि टर्नओव्हर (चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गमावणे) शेजारी-शेजारी मांडावेत, आणि दोन हंगामांनंतर त्यांचे प्रमाण पाहावे.

बेळगाव की कोल्हापूर, याविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ आंतरविद्यापीठ स्पर्धांत दक्षिण विभागात खेळते आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात. निपाणीहून थोडेच अंतर उत्तरेला गेले की सगळे प्रतिस्पर्धी बदलतात. माझ्या मते दक्षिण विभागात महिला बास्केटबॉलची स्पर्धा अधिक कडवी आहे, त्यामुळे निवड अवघड होते, पण शिकायला अधिक मिळते. शिवाय बेळगावच्या संघात निम्म्या मुली कन्नड बोलणाऱ्या असतील, आणि फटका मारण्यासाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांच्या घड्याळात गार्डला 'मुंदे होगु' म्हणायचे की 'पुढे जा', याचा विचार करायला वेळ नसतो. भाचीला दोन्ही भाषांत हाक मारता येत असेल, तर तेही कौशल्यच समजावे.

निपाणीकर मामा
मास्तर, आपल्या सूचनेप्रमाणे वही घेतली आणि ती आजोबांच्याच हाती दिली आहे. रविवारच्या सरावात त्यांनी सात असिस्ट लिहिले, भाची मात्र पाचच म्हणते. पास मिळाल्यावर मुलीवर फाउल झाला आणि त्याबद्दल मिळालेला फ्री थ्रो (बचावाविना मारायचा फटका) बास्केटमध्ये पडला, अशा दोन प्रसंगांवरून वाद आहे.

निवृत्त पीटी मास्तर
आंतरराष्ट्रीय पद्धतीत अशा वेळी किमान एक फ्री थ्रो पडला तर असिस्ट देतात, अमेरिकी महाविद्यालयांत देत नाहीत. भाची बहुधा चित्रफितींतील हिशोब धरते आहे. आपल्या वहीत आजोबांचे सातच राहू द्यावेत.