उतराई, परिमार्जन की आणखी काही?

एका वाक्यात अडलोय. गोष्टीतल्या माणसाने शाळेत जिवलग मित्राला दगा दिला. वर्गातला पृथ्वीगोल याच्या हातून फुटला. सरांनी विचारलं तेव्हा याने मान खाली घालून शेजारच्या बाकाकडे बोट दाखवलं. छड्या मित्राला. आता पन्नाशीत हा ओळखदेख नसलेल्या मुलांची फी गुपचूप भरतो. मी लिहिलं, 'अशा रीतीने तो मित्राचा उतराई झाला.' खटकतंय. दुसरा शब्द सुचवा.

*

खटकणारच. उतराई व्हायचं ते उपकारातून. तुकोबा संतांबद्दल म्हणतात, 'काय द्यावे यांसी व्हावे उतराई'. इथे मित्राने उपकार कुठे केलेत? फुकट छड्या खाल्ल्यात. 'परतफेड'ही नको, ती ज्याची त्याला होते.

*

'परिमार्जन' घ्या. मृज् म्हणजे पुसणे, त्यातूनच मार्जन. चुकीचं, अन्यायाचं परिमार्जन होतं. 'पापक्षालन' चाललं असतं, पण हल्ली तो शब्द टोमणा मारायलाच जास्त वापरतात. आणि प्रायश्चित्त आपण 'घेतो', म्हणजे ते देणाराही कुणी हवा. इथे सरांना खरं कळलेलंच नाही, तर देणार कोण?

*

परिमार्जन मला जड वाटतं, अर्थानेसुद्धा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटायचे मार्ग दिलेत: 'ख्यापनेनानुतापेन तपसाध्ययनेन च'. ख्यापन म्हणजे स्वतःच्या तोंडाने सांगणे, ते पहिलं. दान अगदी शेवटी, तेही 'दानेन चापदि', म्हणजे बाकीचं जमण्यासारखं नसेल तेव्हा. तुमच्या माणसाने शेवटापासून सुरुवात केलीय. मित्राला त्याने सांगितलं का कधी?

*

एवढ्या लांब कशाला जायचं? 'फेडणे' आहे की. कर्ज फेडतो, नवस फेडतो, आईबापांचे पांग फेडतो, आणि नेसलेलं लुगडंही फेडतोच. मुळात सोडणे, उलगडणे. शिवाय पोराने आगळीक केली की घरातलं मोठं माणूस काय म्हणतं? 'कुठे फेडशील ही पापं?' यातला 'कुठे' बघा. 'कुणाला फेडशील' असं कुणी म्हणत नाही. कर्जाला सावकार लागतो, पापाला नुसती जागा लागते. तुमच्या माणसाला ती परक्या मुलांच्या फीच्या पावत्यांत सापडलीय, एवढंच.

*

'कुठे'कडे लक्षच गेलं नव्हतं माझं. 'फेडणे' पक्कं. फक्त 'फेडलं' लिहायला हात धजत नाही, म्हणून 'फेडतोय' ठेवतो, आणि काय फेडतोय ते लिहीत नाही.

ख्यापनाचं राहिलं. नाही, मित्राला सांगितलेलं नाही. त्याचा नंबर आहे माझ्याकडे.