मानसिक आणीबाणीच्या कॉलवर आधी कोणी उतरावं?

दीपस्तंभ (धागालेखक)

‘माणूस आरडाओरडा करतोय, कोणाला जवळ येऊ देत नाही’ असा फोन आला की पुष्कळ ठिकाणी पोलीस पुढे आणि रुग्णवाहिका मागे असा क्रम लागतो. तो उलटा व्हायला हवा. शस्त्र नसेल, कोणाला इजा झाली नसेल, तर पहिल्या गाडीत मनोविकारांचं प्रशिक्षण घेतलेली परिचारिका असावी आणि पोलिसांनी नजरेआड थांबावं. स्टॉकहोममध्ये २०१५ साली अशी रुग्णवाहिका सुरू झाली: दोन मनोविकार परिचारिका आणि एक रुग्णवाहिका कर्मचारी. अमेरिकेतल्या यूजीन शहरात तर १९८९ पासून वैद्यकीय माणूस आणि समुपदेशन जाणणारा माणूस अशी जोडी व्हॅनमधून जायची.

जागेवर करायचं ते साधं असतं, पण शिकून घ्यावं लागतं. शेवटच्या वळणाआधीच सायरन आणि दिवे बंद. बोलणारा एकच, बाकीचे गप्प. दोन हात अंतर, आपले तळवे दिसतील असे, आणि त्याच्या व दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही. वाक्यं छोटी, तीच पुन्हा पुन्हा. भासांवर वाद घालायचा नाही, हो ला हो पण करायचं नाही: ‘तुम्हाला आवाज येतायत, मला ऐकू येत नाहीत, पण भीती वाटत असणार.’ एवढ्यावर पाच-दहा मिनिटं टिकून राहिलं तर पुष्कळ जण स्वतःहून गाडीत बसतात. घाई केली की धरपकड ठरलेलीच.

अतिदक्ष

असहमत. ‘मानसिक’ हा शिक्का फोनवरच बसतो आणि मग खरा आजार हातचा जातो. शुगर ४० वर आलेला माणूसही शिव्या देतो, ढकलतो. ऑक्सिजन कमी पडणं, डोक्याला मार, नुकतीच येऊन गेलेली फिट, मेंदूज्वर, दारू अचानक सुटल्यावर दोन ते चार दिवसांनी येणारा कंप आणि भ्रम, हे सगळं फोनवर ‘वेड्यासारखं करतोय’ असंच सांगितलं जातं. ताप, शुद्धीत चढउतार, डोळ्यांना दिसणारे भास, पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच असं वागणं, यातलं काहीही असेल तर शरीरात कारण शोधायचं.

म्हणून आधी शुगर, ऑक्सिजन, तापमान, नाडी, रक्तदाब, डोळ्यांच्या बाहुल्या. शुगर ६० च्या खाली आणि तोंडाने देणं शक्य नसेल तर शिरेतून २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण), म्हणजे १० टक्क्यांचं २५० मिली. शीर मिळाली नाही तर ग्लुकागॉन (यकृतातली साठवलेली साखर रक्तात सोडायला लावणारं इंजेक्शन) १ मिलिग्रॅम स्नायूत. पण दारू पिऊन उपाशी राहिलेल्यात यकृतातला साखरेचा साठाच संपलेला असतो, तिथे ते चालत नाही. हे प्रत्येक साध्या रुग्णवाहिकेला जमलं पाहिजे. शहराला एक खास गाडी ठेवली तर ती नेमकी दुसऱ्या टोकाला असते. यूजीनची सेवाही २०२५ मध्ये पैशांअभावी थांबलीच ना?

दीपस्तंभ

पैसे संपले म्हणून थांबली. पद्धत चुकीची होती म्हणून नव्हे. शिवाय स्टॉकहोमच्या गाडीत रुग्णवाहिका कर्मचारी असतोच. ग्लुकोमीटर खिशात मावतो, पण जो माणूस बोट पुढे करत नाही त्याची शुगर बघणार कशी? बोलण्याचं कौशल्य ही तुमच्या तपासणीची पहिली पायरी आहे.

उत्तररात्र

बोलणं संपतं तिथून पुढचं कोणीच लिहिलं नाही, आणि माणसं दगावतात ती तिथे. जिवाच्या आकांताने झगडणाऱ्याच्या रक्तात आम्ल वाढतं. शरीर जोरजोरात श्वास घेऊन ते भरून काढत असतं. अशा वेळी पालथं पाडून पाठीवर गुडघा दिला की तो मार्गच बंद होतो आणि हृदय थांबतं. ‘एकदम शांत झाला’ असं वाटतं तो क्षण बहुधा हाच. तेव्हा पालथं कधीच नाही, हात पाठीमागे बांधून स्ट्रेचरवर कधीच नाही. पाच माणसं: प्रत्येक हातापायाला एक, डोक्याशी एक, आणि बोलणारा तोच. उताणं, डोकं ३० अंश वर, एक हात वरच्या बाजूला, एक खाली.

आणि मग इंजेक्शनला उशीर नको. बांधून ठेवलेला माणूस चाळीस मिनिटं झगडत राहणं हे औषधापेक्षा जास्त धोक्याचं. मिडाझोलॅम (गुंगी आणणारं औषध) ५ मिलिग्रॅम मांडीत. असर यायला साधारण १५ मिनिटं. हॅलोपेरिडॉल (मनोविकारावरचं शांत करणारं औषध) एकट्याने याहून सावकाश. गफलत होते ती पाचव्या मिनिटाला: ‘काही होत नाही’ म्हणून दुसरा डोस जातो आणि दोन्ही एकदम चढतात. पोटात दारू असेल तर श्वास मंदावतो.

संथ_पाणी

इथेच माझा विरोध आहे. २०१९ मध्ये कोलोराडोतल्या अरोरा शहरात पोलिसांनी आवळून धरलेल्या एका तरुणाला वजन बरंच जास्त धरून ५०० मिलिग्रॅम केटामाइन (भूल देणारं औषध) दिलं गेलं. तो गेला. नंतरच्या सुधारित शवविच्छेदन अहवालात बळाने जखडल्यानंतर दिलेल्या केटामाइनचेच दुष्परिणाम कारण म्हणून नोंदले गेले. तिथे ‘एक्साइटेड डिलिरियम’ (अतिउत्तेजित भ्रमावस्था) हे वादग्रस्त निदान वापरलं होतं. अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने त्यावरचा २००९ चा आपला दस्तऐवज २०२३ मध्ये मागे घेतला. पोलीस म्हणाले म्हणून सुई, हे बंद झालंच पाहिजे. फोनवर डॉक्टरचा होकार असल्याशिवाय रस्त्यावर इंजेक्शन नको.

उत्तररात्र

पोलिसांच्या सांगण्यावरून नको, हे शंभर टक्के मान्य. डॉक्टरचा होकारही चालेल, फक्त फोन दोन मिनिटांत उचलला गेला पाहिजे. नाहीतर लेखी अट असावी: रास (RASS) या अस्वस्थता मोजण्याच्या, +४ पर्यंत जाणाऱ्या मोजपट्टीवर +३ किंवा +४, आणि बोलून पाहिल्याची नोंद. डोसला वरची मर्यादा छापलेली असावी, म्हणजे वजनाचा अंदाज चुकला तरी माणूस वाचेल. सुईनंतर ऑक्सिमीटर पुरत नाही. ऑक्सिजन लावलेला असला की श्वास मंदावला तरी आकडा ९८ दाखवत राहतो. म्हणून कॅप्नोग्राफी (बाहेर टाकलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र), आणि एकाची नजर फक्त छातीवर.

संथ_पाणी

कॅप्नोग्राफी ज्या गाडीत नाही, तिच्यात हे इंजेक्शनही ठेवू नये. या अटीवर माझा विरोध मागे.

अतिदक्ष

ही अट मलाही पटते. एक भर: रुग्णालयात सोपवताना इंजेक्शनची वेळ आणि डोस हातपट्टीवर लिहा, शुगरचा आकडा सांगा, घरात सापडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत आणा. आणि कशाने शांत झाला तेही सांगा, नाहीतर तिथे धरपकड पुन्हा पहिल्यापासून. दीपस्तंभ, खास गाडीबद्दल मात्र माझं मत तेच आहे.